‘अ वर्ड अ डे’: मी अकरा जणांच्या फोनवर सुरू करून दिलेलं पत्र

कुडाळजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. शाळेत आल्यावर डबा कपाटात ठेवते, पंखा लावते आणि पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत एक मेल वाचते. 2009 पासून ही सवय आहे. आधी नेट कॅफेत आठवड्याचे पाचही मेल एकदम वाचायचे, मग घरच्या कॉम्प्युटरवर, आता फोनवर. पत्राचं नाव ‘अ वर्ड अ डे’. सोमवार ते शुक्रवार रोज एक इंग्रजी शब्द, फुकट.

हे पत्र अनु गर्ग काढतात. ते मूळचे भारतातले. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकत असताना, 1994 च्या मार्चमध्ये त्यांनी रोज एक शब्द मेलने पाठवायला सुरुवात केली. तेव्हा हॉटमेलसुद्धा नव्हतं आणि आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला जवळजवळ दीड वर्ष बाकी होतं. ज्याला आवडलं त्याने शेजारच्याला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. असं करत करत वाचक चार लाखांच्या आसपास गेले, 170 देशांत. माझ्यापर्यंतही ते असंच आलं. बी. एड.ची माझी मैत्रीण पणजीला मुद्रितं तपासायचं काम करायची. तिने एका मेलवर फक्त ‘तुझ्यासाठी’ एवढं लिहून तो पुढे पाठवला होता.

मेल लहान असतो. शब्द, उच्चार, अर्थ, व्युत्पत्ती, तो लिखाणात पहिल्यांदा कधी सापडतो ते वर्ष आणि एखाद्या वर्तमानपत्रातलं किंवा पुस्तकातलं वाक्य. तळाशी त्या दिवशी जन्मलेल्या कुणाचं तरी एक वचन. पाच दिवसांच्या शब्दांना एक सूत्र असतं आणि सोमवारी त्याची छोटी प्रस्तावना असते. कधी माणसांच्या नावांवरून आलेले शब्द, कधी गावांच्या. आठवड्याच्या शेवटी वाचकांची पत्रं एकत्र करून पाठवतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात वाचनीय भाग तोच. शब्द कुठल्या तरी वाचकाच्या घरातून, धंद्यातून, आजीच्या बोलण्यातून परत आलेला असतो.

व्युत्पत्तीची ओळ मी कधी सोडत नाही. शब्द कुठल्या मूळ धातूपासून निघाला आणि त्याच धातूची इतर भावंडं कोणती, हे तिथे बऱ्याचदा दिलेलं असतं. ती ओळ वाचायची सवय लागली म्हणून मी नववीच्या वर्गात शब्दांची घराणी सांगायला लागले. इंग्रजीतला ‘मॉंगूस’ आपल्या मुंगुसावरून, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला. ‘कॉट’ आपली खाट. ‘ऑरेंज’च्या मुळाशी संस्कृतातलं नारंग, फारसी-अरबीतून युरोपात पोचलेलं. मुंगुसाचं सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, म्हणजे इंग्रजांनी शब्द आमच्याकडनं नेलो?” दुसऱ्या दिवशी तो वहीत असे सहा शब्द लिहून घेऊन आला. त्यातले दोन चुकीचे होते, पण त्याने शोधले होते.

उणं काय, तेही सांगते. उदाहरणाची वाक्यं बहुतेक अमेरिका-इंग्लंडच्या वाचनातली असतात, त्यामुळे शाळकरी मुलांना ती जशीच्या तशी देता येत नाहीत. शब्दही पुष्कळदा इतके दुर्मीळ की परीक्षेची तयारी म्हणून कुणी हे घेतलं तर निराश होईल. स्पर्धा परीक्षेवाल्यांना मी हे सुचवत नाही. भाषेची ओढ असलेल्यांनाच सुचवते.

आजवर मी अकरा जणांना हे सुरू करून दिलं. त्यातले सात अजून वाचतात. ‘करून दिलं’ म्हणते, कारण नुसती लिंक पाठवून कुणी नाव नोंदवत नाही. “बघते हं,” म्हणतात आणि तिथेच राहतं. शेजारी बसावं लागतं. पत्ता टाकायचा, पुष्टीचा मेल आला की तो तेव्हाच उघडून कळ दाबायची, आणि पहिलं पत्र जाहिरातींच्या कप्प्यात पडलं असेल तर ते उचलून मुख्य पेटीत आणायचं. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या वहिनी मस्कतला असतात. त्यांना व्हिडिओ कॉलवर हे सगळं करायला लावलं. आता कधीकधी त्याच मला विचारतात, आजचा शब्द पाहिलास का.

चार लाख वाचकांच्या पत्राला माझ्या अकरांनी फार फरक पडत नसेल. पण ही सवय दुसरीकडे कामाला आली. आमच्या भागातले एक गृहस्थ कातळसड्यांवरच्या पावसाळी वनस्पतींवर पंधरवड्याला मेलने मराठीत पत्र लिहितात. वाचक दीडशेही नाहीत. मी ते एका सहकारी बाईंना पुढे पाठवलं. मेल रोज येत राहील असं वाटून त्यांनी तळाची ‘नाव काढा’ ही कळ दाबली, आणि यादीतून नाव माझं गेलं, कारण ती कळ माझ्या पत्त्याला जोडलेली होती. दोन अंक आले नाहीत तेव्हा मी गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, “मला वाटलं, तुम्हाला आता आवडत नाही.” मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मेल पुढे पाठवताना तळाचा तो भाग मी पुसते आणि नाव नोंदवायचा पत्ता वर वेगळा लिहिते. दुसरं म्हणजे, पत्र नको झालं तर नाव काढा, पण त्याला स्पॅम म्हणू नका, हे सगळ्यांना सांगते. दीडशेतल्या चौघांनी जरी स्पॅम म्हटलं तरी मेलसेवा त्या पत्त्यावर संशय घेते आणि उरलेल्यांची पत्रंही अडकायला लागतात.

‘अ वर्ड अ डे’ वर्डस्मिथ डॉट ऑर्गवर मिळतं. पाचपैकी साडेचार. जूनमध्ये आमच्याकडे विज्ञानाचे नवे सर आलेत, सड्यावर फिरायला जातात असं ऐकलंय. शनिवारी अर्धी शाळा असते. त्यांना थांबायला सांगितलंय, फोन चार्ज करून आणा म्हणून.