डिजिटल लॉकर, रिव्हॉल्व्हर आणि सहा वर्षांचा नातू

परवान्याचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर मी अनेक वर्षे लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात ठेवत असे. मात्र नातू सहा वर्षांचा झाला आणि खुर्ची सरकवून माळ्यावरचे डबे काढू लागला, तेव्हा वर्तकनगरच्या आमच्या घरासाठी मी ठाणे स्थानकाजवळील एका दुकानातून बटणांचा छोटा डिजिटल लॉकर आणला.

पत्रा जाड आहे आणि चार पेन्सिल सेल सहा महिने पुरले, याबद्दल तक्रार नाही. दोष आहे तो कुलपाच्या रचनेत. दाराची कडी अडवून धरते ती आतल्या सोलेनॉइडची (वीज मिळाली की पिन ओढून घेणाऱ्या विद्युतचुंबकाची) एक बारीक पिन आणि ती पिन केवळ स्प्रिंगच्या जोरावर जागेवर राहते. दिवाळीच्या साफसफाईत मुठीवर हात असतानाच मी लॉकर टेबलावर जरा जोरात टेकवला, तर सांकेतिक अंक न दाबताच दार उघडले. पुढे तो भिंतीत बोल्टने पक्का बसवला. तरीही मूठ फिरवत वरून ठोसे मारले की दहातून एकदा-दोनदा तो उघडतोच. दुकानदार म्हणाले, "काका, असं ठोकून कोण बघतं?" नातू बघतो. शिवाय चारपैकी तीन अंक त्याने माझ्या बोटांकडे पाहून आठवड्याभरात पाठ केले होते.

रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) खाली असताना जड लागतो, पण घोडा मागे ओढलेला असेल तर तोच चाप अगदी हलका होतो. आणि लहान मूल नळी स्वतःकडे वळवून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबू शकते. म्हणूनच शस्त्र रिकामे, कुलूपबंद आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते; शस्त्र घरात नसणे सर्वांत सुरक्षित, हेही ती सांगते. निवडणुकीत ते पोलीस ठाण्यात जमा असते तेव्हा सूनबाईंना शांत झोप लागते, यावरून मला ते पटतेही.

आता सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे फिरते नळकांडे, बाजूला बाहेर काढून त्या रिकाम्या चौकटीतून बारीक केबल-कुलूप ओवले आहे, त्यामुळे सिलिंडर बंदच होत नाही. काडतुसे दुसऱ्या खोलीत, चावीच्या जुन्या पेटीत आहेत आणि दोन्ही चाव्या माझ्या अंगावर असतात. लॉकरमध्ये आता फक्त घराची कागदपत्रे आहेत.

शेजारच्या इमारतीतील एका परवानाधारकाने हाच नमुना घ्यावा का, असे विचारले. मी त्यांना दुकानातच मूठ धरून वरून एक ठोसा मारून पाहायला सांगितले.