‘वर्चस्व आणि शरणागती’ विभागातील कथा: मराठी कथा-ॲपविषयी अभिप्राय

मराठी शृंगारकथा महिन्याच्या वर्गणीवर वाचायला आणि ऐकायला देणाऱ्या एका ॲपविषयी हा अभिप्राय आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचकाला अशा सेवेची गरज वेगळी सांगायला नको. गावच्या वाचनालयात पुस्तकाची नोंद करणारे काका घरी येणारे-जाणारे असतात आणि त्यांच्यासमोर असे पुस्तक मागण्याचे धाडस बाईमाणसाला होत नाही. मोबाईलवर ही अडचण उरत नाही. अक्षर मोठे करता येते, ध्वनिकथांचे वाचन स्पष्ट आहे. माझी तक्रार आहे ती ‘वर्चस्व आणि शरणागती’ या विभागाबद्दल.

एकाने हुकूम द्यावा आणि दुसऱ्याने तो स्वखुशीने मानावा, यात सुख मिळणारी माणसे असतात, आणि त्यांच्याविषयी लिहू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण मी वाचलेल्या बहुतेक कथांत हुकूम देणारा आधीच मालक, साहेब किंवा जमीनदार असतो आणि ऐकणारी त्याच्या पगारावर नाहीतर त्याच्या आश्रयाला असते. तिला नकार देण्याची सोयच कथेत नसेल, तर ती आपणहून शरण गेली असे कसे मानायचे? एका कथेत पहिल्याच प्रकरणात दोघे थांबण्याचा शब्द ठरवतात, ‘केवडा’. तिसऱ्या प्रकरणात ती तो शब्द दोनदा उच्चारते, तो थांबत नाही, आणि पुढच्याच परिच्छेदात लेखक तिला तृप्त झालेली दाखवतो. मला पुढे वाचवले नाही. याच विभागातल्या दुसऱ्या कथेत नवरा ओढणीची गाठ मारण्यापूर्वी विचारतो, तिचा आवाज बदलताच गाठ सोडतो, तिची मनगटे चोळून देतो आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो. तिथे हुकुमाची धार उलट अधिक जाणवली, कारण तो मोडण्याची मुभा तिला शेवटपर्यंत होती.

शृंगारातल्या जोरालाही मर्यादा हवी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. वात्स्यायनाने कामसूत्रात शृंगारातल्या प्रहारांविषयी लिहिताना, कुंतलचा राजा शातकर्णी सातवाहन याच्या अशाच एका प्रहाराने त्याची राणी महादेवी मलयवती हिचा जीव गेल्याचे नोंदवले आहे आणि असल्या आचाराला अनार्य म्हटले आहे. कुंतल म्हणजे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचा मुलूख, म्हणजे आपलाच भाग.

ॲपने मात्र वरच्या दोन्ही कथांवर ‘१८+’ एवढीच खूण केली आहे. त्यावरून वाचकाचे वय ठरते, आत संमती आहे की जबरदस्ती हे कळत नाही. ग्राहक सेवेला कळवल्यावर ‘आवड ज्याची त्याची’ असे उत्तर आले, ते मला पटले नाही. आवडीने निवडायचे तर आत काय आहे ते आधी समजायला हवे. जबरदस्तीच्या कथांवर सुरुवातीलाच स्पष्ट सूचना द्यावी आणि त्या या विभागातून काढून वेगळ्या ठेवाव्यात. तसे होईपर्यंत पाचपैकी दोन तारे देते, आणि त्यांतला एक त्या दुसऱ्या कथेसाठी आहे.