पैसे भरून घेतलेलं शेत २ स्टार, नदीकाठची सरकारी जमीन साडेचार स्टार

इथल्या, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनमधल्या, दोन-तीन मराठी मैत्रिणींनी विचारलं की पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जायचं तर कुणाचं शेत भाड्याने घ्यायचं की सरळ सरकारी जमिनीवर जायचं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझा हा तिसरा सीझन होता आणि योगायोगाने एकाच सीझनमध्ये दोन्ही झालं. विस्कॉन्सिनचा गन सीझन, म्हणजे बंदुकीने हरणाच्या शिकारीची मुदत, नऊ दिवसांचा असतो, नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्यातले पहिले तीन दिवस मी रिचलंड काउंटीतलं एक खाजगी शेत घेतलं होतं, ७५० डॉलर, आणि उरलेले दिवस गेले लोअर विस्कॉन्सिन स्टेट रिव्हरवेवर, म्हणजे नदीकाठच्या सरकारी जमिनीवर, जिथे जमिनीचे वेगळे पैसे नाहीत, फक्त लायसन्स, ते राज्याच्या रहिवाशांना २४ डॉलरला मिळतं.

शेताचं नाव लिहीत नाही. मालक माणूस म्हणून चांगला होता, आणि अशा जाहिराती देणारे बरेच आहेत, त्यामुळे खाली जे लिहितेय ते कुणालाही पैसे देण्याआधी उपयोगी पडेल.

आधी चांगलं सांगते. लाकडी बॉक्स ब्लाइंड (लपून बसायची खोपटी), आत छोटा हीटर, खुर्ची आवाज न करणारी, पहाटे मालकाने स्वतः गाडीतून २०० यार्डांवर सोडलं. कोठाराशेजारी हरीण टांगायची सोय, हात धुवायला गरम पाणी. नोव्हेंबरच्या शेवटी पहाटे चार-पाच तास हलायचं नाही म्हटल्यावर हीटरची किंमत काय असते ते बसल्यावरच कळतं. सोयींना मी पूर्ण मार्क देईन.

पण शेत होतं ८० एकर. मी फोनवर विचारलं होतं की किती जण असतील, तर उत्तर मिळालं, फार नसतात. शनिवारी साडेसहाला, म्हणजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, शूटिंगची वेळ सुरू झाली आणि जसं उजाडायला लागलं तसं मक्याच्या कापलेल्या रानापलीकडे ओकच्या झाडांत मला एक केशरी ठिपका दिसला, साधारण १५० यार्डांवर, मग डावीकडे अजून एक. दुपारी मोजले तर माझ्यासकट पाच जण होतो. आठच्या सुमारास कुंपणाच्या कडेने एक बक, म्हणजे नर, आला, शिंगांना सहा टोकं, मान खाली, अगदी सावकाश. मी रायफलची सेफ्टी (चाप अडवणारी कळ) काढली, स्कोपमध्ये खांदा आला, आणि त्याच रेषेत मागे उतारावर ती केशरी टोपी. सेफ्टी परत लावली. छातीत इतकं धडधडत होतं की बक निघून गेला तरी पाच मिनिटं मी रायफलवरचा हात सैल करू शकले नाही.

हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाच्या, क्लासमध्ये टॅब-के (TAB-K) हे बंदूक सुरक्षेचे चार नियम शिकवतात, त्यातला बी म्हणजे आपलं लक्ष्य आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची पक्की खात्री. (तुमचा जन्म १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतरचा असेल तर तो कोर्स करावाच लागतो, आणि करायलाच हवा.) त्या शेतावर ही खात्री जवळजवळ कुठल्याच दिशेला करता येत नव्हती. कमरेच्या वरचे निम्मे कपडे भडक केशरी किंवा गुलाबी असलेच पाहिजेत असा नियम आहे म्हणून तरी तो माणूस मला दिसला. म्हणून २ स्टार. हरीण मिळालं नाही म्हणून नाही, हरणाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही आणि देत असेल तर तिथे जाऊ नका.

मालकाला सांगितलं, तर रविवारी त्याने मला खालच्या कोपऱ्यात बसवलं. तिथे माणसं नव्हती पण वारा वायव्येचा, सरळ माझ्या पाठीवरून पुढच्या काटेरी झुडपांत, आणि हरणं दिवसा बसतात नेमकी त्याच झुडपांत. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तुम्ही दिसायच्या कितीतरी आधी तुमचा वास लागतो. तीन वेळा फुरफुरल्याचा आवाज आला, एकदा शेपट्या वर करून पळताना दिसली, बस. भाड्याच्या शेतावर जागा मालक ठरवतो, वारा बदलला तरी तुम्ही उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही, ही गोष्ट माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. सोमवारी संध्याकाळी हात हलवत परत.

मंगळवारी शेजारचे आजोबा म्हणाले, चल नदीवर. हे ७४ वर्षांचे आहेत, लहानपणापासून तिथेच शिकार करतात. रिव्हरवे म्हणजे प्रेअरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीपर्यंत ९२ मैलांचा नदीपट्टा, मधे पुराची सखल जंगलं, नदीचे जुने तुंबलेले फाटे, वर ओकचे डोंगरउतार. आजोबांचं म्हणणं एकच, लोक पार्किंगपासून जेवढं कोरड्या पायांनी जाता येतं तेवढंच जातात, त्यामुळे मधे पाणी असेल अशी जागा शोधायची. आम्ही त्यांच्या कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, एक फाटा ओलांडला, जेमतेम ६० फूट पाणी असेल, कडेला रात्रीत धरलेला पातळ बर्फ कनूच्या टोकाखाली काचेसारखा कडकड मोडत होता. लाइफ जॅकेट घालून, रायफल रिकामी आणि केसमध्ये. पलीकडे सिल्व्हर मेपलची झाडं, ओला गाळ, आणि त्या गाळात ताजे खूर, एकावर एक, अगदी वाट पडलेली. माणसाच्या बुटाचा एकही ठसा नाही!

आणि इथे टॅगची, म्हणजे एक हरीण मारायच्या परवान्याची, भानगड. बक टॅग तुमचा कुठल्याही जमिनीवर चालतो. पण शिंगं नसलेल्या हरणाचा टॅग आमच्या भागात काउंटीप्रमाणे असतो आणि त्यावर पब्लिक की प्रायव्हेट हेही छापलेलं असतं, लायसन्स घेतानाच निवडावं लागतं. मी शेत बुक केलेलं म्हणून प्रायव्हेट निवडलं होतं. मंगळवारी दुपारी ४० यार्डांवर एक मोठी मादी येऊन आडवी उभी राहिली, वारा तिच्याकडून माझ्याकडे, तिच्या मागे मातीचा उंच काठ, म्हणजे यापेक्षा सुरक्षित शॉट असू शकत नाही, आणि माझ्या खिशात चुकीचा टॅग. तशीच बघत बसले. चुटपुट लागली पण नियम बरोबर आहे असंच मला वाटतं, सरकारी जमिनीवरची हरणं वेगळी मोजली नाहीत तर तिथली संपून जातील. त्याच रात्री गो वाइल्डवर (राज्याची लायसन्सची वेबसाइट) १२ डॉलरचा पब्लिकचा बोनस, म्हणजे जादा, टॅग घेतला, शिल्लक होते म्हणून मिळाला.

शुक्रवारी सकाळी फाट्यापलीकडे चार तास काहीच नाही. सुतारपक्षी, दूर कुठेतरी दोन गोळ्या, पायाची बोटं बधिर. पावणेअकराला पार्किंगच्या बाजूचे लोक जेवायला उठून चालायला लागले, लांबून काटक्या मोडल्याचे आवाज आले, आणि दहा मिनिटांत तीन माद्या पाण्यातून पोहत माझ्या काठाला लागल्या. अंग झटकलं, थेंब उडालेले दिसले. दुसरी थांबली तेव्हा मी शॉट घेतला, ३० पावलांवर पडली. जवळ गेल्यावर मी आधी तिच्या मानेवर हात ठेवून जरा वेळ बसले, तिथले ओले केस अजून गरम होते. मग आजोबांनी शिकवलं तसं पोट साफ केलं, त्या थंडीत वाफ निघत होती आणि तीन तासांनी पहिल्यांदा माझी बोटं हलायला लागली. कनूमध्ये तिला मधोमध खाली ठेवलं, मी पुढे, आजोबा मागे, इंच इंच करत परत.

आता सरकारी जमिनीचा अर्धा स्टार का कापला तेही सांगते. आजोबा म्हणतात पहिल्या शनिवार-रविवारी पहाटे साडेचारलाच पार्किंग भरतं, नवख्या माणसाने तेव्हा जाऊच नये, मंगळवार ते शुक्रवार जावं. झाडावर बसायचा स्टँड तिथे रोज संध्याकाळी काढून परत न्यावा लागतो, खिळे-स्क्रू काही ठोकायचे नाहीत, आणि हार्नेसशिवाय (सुरक्षेचा पट्टा) चढायचं नाही, हे मी हात जोडून सांगतेय. जखमी हरीण शेजारच्या खाजगी हद्दीत गेलं तर मालकाची परवानगी घेतल्याशिवाय मागे जाता येत नाही, म्हणून हद्द दाखवणारा नकाशा फोनमध्ये डाऊनलोड करून ठेवा, नदीत रेंज नसते.

तरीही शेतच हवं असेल, म्हणजे गुडघे दुखत असतील, लहान मूल बरोबर असेल, तर घ्या, पण पैसे देण्याआधी लेखी विचारा: एकर किती आणि बंदुका किती, कोण कुठे बसणार, वारा फिरला तर जागा बदलून मिळेल का. ४० एकरला एकापेक्षा जास्त माणूस असेल तर मी तरी जाणार नाही. आणि अजून एक, मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ नावाच्या योजनेत करात सूट घेणाऱ्या काही खाजगी जमिनी लोकांना शिकारीसाठी खुल्या असतात, मालकाला न विचारता पायी जाता येतं, डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) नकाशावर दिसतात. बंद कुठल्या ते मात्र नीट बघा.

मारलेल्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत करायची असते, ती घरी येतानाच फोनवरून केली. या भागात सीडब्ल्यूडी हा हरणांचा रोग २००२ पासून आहे, टेस्ट फुकट होते, डोकं मानेच्या पाच इंचांसकट टेस्टसाठीच्या कियॉस्कवर (नमुने ठेवायची जागा) ठेवून आले आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये बंद. निगेटिव्ह आला त्या दिवशी निम्मं मांस आजोबांकडे पोचवलं, ते नकोच म्हणत होते. या वर्षीचं लायसन्स काढलंय, काउंटी रिचलंड, जमीन पब्लिक.