हिवाळी टायर निवडताना: ऑल-सीझन, मध्य युरोपी, नॉर्डिक की खिळ्यांचे?

हिवाळी टायर घ्यायचे म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘बर्फातून गाडी निघेल ना?’ निघाली नाही तर फार तर उशीर होईल. ती थांबेल कुठे, हे आधी विचारा. खालची सगळी तुलना मी याच प्रश्नावर केली आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आकाशातून भुरभुरतं त्याला आपण बर्फ म्हणतो आणि रस्त्यावर गोठून काच झालेल्या पाण्यालाही बर्फच. टायरसाठी या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून इथे पहिल्याला हिम म्हणू आणि दुसऱ्याला बर्फ.

आता थोडं गणित. ताशी ५० किलोमीटर वेगात कचकन ब्रेक दाबला आणि घर्षणांक, म्हणजे टायरला रस्त्यावर मिळणाऱ्या पकडीचं माप, ०.८ मिळाला, म्हणजे कोरडं डांबर असलं, तर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या हिमावर ०.३ मिळाला तर ३३ मीटर लागतात, ०.२ मिळाला तर ४९. ओल्या बर्फावर तो ०.१ वर आला की ९८ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी जेवढी पुढे सरकते, ते अंतर यात धरलेलं नाही. हिमावरच्या ०.२ आणि ०.३ मधला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण रस्त्यावर तो १६ मीटरचा आहे. एकामागे एक चार छोट्या गाड्या उभ्या राहतील एवढी ती जागा. चांगला टायर घेऊन आपण हीच जागा विकत घेतो.

उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होत जातं. पारा ७ अंशांखाली गेला की टायर बदला, असा आडाखा सगळीकडे ऐकू येतो आणि तो सोयीचा आहे, पण ७ अंशांवर काही जादू होत नाही. थंड, कोरड्या डांबरावर चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरइतकाच, कधी त्याहूनही लवकर थांबतो. खरी तफावत हिम किंवा बर्फ आल्यावर उघडी पडते, आणि तेव्हा ती प्रचंड असते. थंडीतल्या सकाळी दोन्ही टायरच्या नक्षीवर अंगठ्याचं नख दाबून बघा. उन्हाळी रबरावर ते सटकतं, हिवाळी रबरात किंचित रुततं. मग नक्षीतला रबराचा एक ठोकळा दोन बोटांत धरून वाकवा. हिवाळी टायरच्या ठोकळ्यावरच्या नागमोडी बारीक चिरा तोंड उघडतात. त्या चिरांच्या शेकडो कडा हिमात रुततात आणि बर्फावरची पाण्याची पातळ साय बाजूला सारतात. खाचांत पांढरं हिम भरून राहिलेलं दिसलं की नव्या माणसाला वाटतं टायर बुजला. तसं नाही. मुठीत दाबलेल्या हिमाचा गोळा होतो, तसं खाचेतलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरतं. तो टायरच्या कामाचाच भाग आहे.

ऑल-सीझन की खास हिवाळी?

वर्षातून चार-दोन दिवस हिम पडत असेल, रस्ते लगेच साफ होत असतील आणि वाईट दिवशी गाडी घरी ठेवणं शक्य असेल, तर चांगला ऑल-सीझन, म्हणजे वर्षभर चालणारा टायर पुरतो. मात्र खूण तपासून घ्या. टायरच्या बाजूवरच्या ‘एम+एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि हिम) या अक्षरांना कुठल्याही हिमचाचणीची अट नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमाचा कण, हे चिन्ह मात्र दबलेल्या हिमावरच्या ठरावीक चाचणीत पास झाल्यावरच मिळतं. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यासाठी नुसतं एम+एस चालत नाही, हे चिन्ह लागतंच. पण ही परीक्षा हिमाची आहे, बर्फाची नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरच्या लेबलवर २०२१ पासून बर्फावरच्या पकडीचं वेगळं चित्र असतं. रस्ते गोठत असतील तर ते शोधा.

हिवाळाभर रोज गाडी काढावी लागत असेल तर ऑल-सीझनवर काटकसर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मध्य युरोपी की नॉर्डिक?

खरी निवड इथे आहे, आणि नेमकी इथेच दुकानात गफलत होते, कारण दोन्ही ‘हिवाळी टायर’ म्हणूनच विकले जातात. मध्य युरोपी टायर साफ केलेल्या, ओल्या, वेगवान रस्त्यासाठी घडवलेला असतो. रबर जरा घट्ट, पाणी बाहेर फेकायला मोठ्या खाचा, आणि वेगाची पायरी, म्हणजे टायरला झेपणाऱ्या कमाल वेगाचं अक्षर, बहुधा एच किंवा व्ही, म्हणजे ताशी २१० किंवा २४० किलोमीटर. पावसात तो भरवशाचा. हिमावरही तो चांगला चालतो. गोठलेल्या चौकात मात्र त्याची दमछाक होते.

बिनखिळ्यांच्या नॉर्डिक टायरचं रबर कमालीचं मऊ आणि चिरा दाट. वेगाची पायरी क्यू, आर किंवा टी असते, म्हणजे १६० ते १९०. बर्फावर तो मध्य युरोपी टायरला मागे टाकतो. याची किंमत ओल्या डांबरावर मोजावी लागते. तिथे ब्रेकचं अंतर वाढतं, आणि स्टेअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर थांबून मग वळल्यासारखी वाटते. म्हणून हिवाळा बहुतेक पावसाचा आणि चिखलाचा असेल तर नॉर्डिक घेऊ नका. महिनोन्‌महिने रस्ता पांढरा राहत असेल तर दुसरं काही घेऊ नका.

बर्फाबद्दल एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. उणे २० अंशांतला बर्फ त्यामानाने धरतो. शून्याच्या आसपासचा, वर पाणी सुटलेला बर्फ सगळ्यात घातकी. कोवळं ऊन पडल्यावर सिग्नलजवळचा गाड्यांनी घासून चकाकलेला पट्टा बघा. तिथे कुठल्याच टायरवर विसंबू नये. ओल्या बर्फावर ५० ऐवजी ३० चा वेग ठेवला तर तेच ९८ मीटर ३५ वर येतात. इतका फरक कुठलाही टायर पाडत नाही.

खिळ्यांचे टायर

अशा ओल्या बर्फावर खिळ्यांना तोड नाही. धातूचं टोक बर्फ खरवडून पकड घेतं. पण उघड्या डांबरावर तोच खिळा आवाज करतो, रस्ता कुरतडतो आणि धूळ उडवतो. त्या धुळीमुळे जपानने १९९० मध्ये कायदा करून या टायरना आळा घातला, आणि जर्मनीत ते सर्वसाधारणपणे चालत नाहीत. नवे असताना पहिले काहीशे किलोमीटर हळू चालवून खिळे बसू द्यावे लागतात. गाव सोडल्यावर रस्त्यावर रोज बर्फच भेटत असेल आणि कायदा परवानगी देत असेल तरच हे घ्यावेत.

इंजिन चारही चाकं फिरवतं (फोर-व्हील ड्राइव्ह) या भरवशावर हिवाळी टायर टाळणारे खूप आहेत. चारही चाकांना जोर मिळतो तो निघताना. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतो, तिथे जास्तीचं काहीच मिळत नाही. तसंच, पैसे वाचवायला फक्त पुढे दोन हिवाळी टायर लावू नका. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडीची शेपटी पुढे येते. लावायचे तर चारही.

हवा थंडीत कमी होते, पारा दर १० अंश उतरला की साधारण ०.१ बार. ती थंड टायरवरच तपासा. कायद्याने १.६ मिलिमीटर खोल खाच बऱ्याच ठिकाणी चालते, पण ४ मिलिमीटरच्या खाली हिमावर फार काही उरत नाही.

वापरलेले टायर घेत असाल तर खाचेबरोबर वयही बघा. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. खाच भरपूर दिसली तरी जुनं रबर आतून कडक झालेलं असू शकतं. तेव्हा थंडीतच बघायला जा, आणि नख दाबून बघा.