सहा डबे, एक महिना

आमच्या घरात आहाराचे दोन पक्ष आहेत. बायको आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या बाजूची: दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. पंचवटीतला मेव्हणा पक्का डॉ. जगन्नाथ दीक्षितवाला: दिवसातून दोनदाच, तेही दर वेळी ५५ मिनिटांत आटपायचं आणि मधे काही तोंडात टाकायचं नाही. माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.१ आलं (५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर), तेव्हा दोघांनीही मला ओढायला सुरुवात केली. घरात राहायचं असल्याने मी बायकोचा पक्ष घेतला आणि नाशिकच्या सिडकोत घरपोच येणाऱ्या एका डाएट डब्याचा महिना भरला. दिवसाला सहा डबे, साडेसहा हजार रुपये. नाव लिहीत नाही, स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा काही दोष नाही.

खरं तर त्यांच्या हाताला चव आहे. ज्वारीची भाकरी मऊ, मेथीची भाजी कमी तेलातली पण कोरडी नाही. दुपारच्या डब्याला मी पाचपैकी साडेचार देईन.

घोळ बाकीच्या डब्यांचा. सकाळी सव्वासातला पिशवी यायची. त्यात नाश्त्याचा डबा: दोन इडल्या, वाटीच्या तळाला सांबार. मग झाकणावर 'मिड-मॉर्निंग ११.००' असा स्टिकर लावलेली डबी. ती उघडली की आत चार बदाम आणि सफरचंदाच्या पाच फोडी, कडेने लालसर-तपकिरी पडलेल्या, बदामांनाही त्यांचं पाणी सुटलेलं. मी अंबडला हीट ट्रीटमेंटमध्ये आहे, म्हणजे धातूचे भाग (आमच्या भाषेत 'जॉब') भट्टीत तापवायचे. अकराला माझा जॉब भट्टीतून बाहेर येतो. त्या वेळी हातात ग्लोव्हज असतात, डबी नाही. चहाची सुट्टी साडेदहाला. तेव्हा डबी उघडली तर पोरं म्हणायची, "काका, पेशंटचं जेवण आलं का?" आणि त्या सुट्टीतला साखरेचा चहा, दिवसाचे तीन कप, कुणाच्याच हिशेबात नव्हता. माझ्याही नाही.

आठवड्याने त्यांच्या डाएटिशियन मॅडमचा फोन. "सर, दर दोन तासांनी खाल्लं की चयापचयाची भट्टी पेटती राहते." भट्टी म्हटल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, मॅडम, पचनाला लागणारी ऊर्जा दिवसभरात एकूण काय नि किती खाल्लं त्यावर ठरते, तेच जेवण सहा तुकड्यांत वाटलं म्हणून ती वाढत नाही. प्रागमध्ये ५४ मधुमेही रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये तो छापून आला. सारख्याच कॅलरी, १२ आठवडे सहा छोटी जेवणं आणि १२ आठवडे फक्त भरपेट नाश्ता आणि दुपारचं जेवण. सहा वेळा खाऊन सरासरी २.३ किलो उतरले, दोन वेळा खाऊन ३.७. मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाची बॉडी वेगळी असते सर." हे मात्र मला पटलं, म्हणून महिना पूर्ण केला.

मेव्हण्याने लगेच उड्या मारू नयेत. त्या प्रयोगातली दोन जेवणं सकाळ-दुपारची होती, रात्री नऊची पुरणपोळी नाही. शिवाय ज्यांना साखर कमी करायच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

माझ्यापुरतं जे कळलं ते रविवारी. रविवारी सेवा बंद. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या मारल्या आणि साडेआठला गंगापूर रोडला मिसळ खाल्ली. मटकी जास्त सांगितली, काळ्या मसाल्याचा रस्सा, दही, पापड. शेव अर्धी बाजूला काढली (अर्धीच, खोटं कशाला बोला), पाव एक. दुपारी अडीचपर्यंत भुकेची आठवण नाही. सोमवारी दोन इडल्यांवर साडेनऊलाच पोट कुरकुरायला लागलं, आणि उरलेला दिवस पुढच्या डबीच्या स्टिकरकडे बघण्यात गेला. मोड आलेल्या मटकीतली प्रथिनं आणि तंतू पोटात टिकतात, इडली लवकर उतरते, एवढंच असेल. मिसळ रोज खा असं मी म्हणत नाही, माझी बायकोही हे वाचते. पण दिवसातून किती वेळा खावं यापेक्षा नाश्त्यात काय आहे, हे मला जास्त लागू पडलं.

वजन: सुरुवातीला ८१.४, महिनाअखेरीस ८१.९. संध्याकाळच्या पिशवीतला पाचवा डबा, बहुतेकदा भाजलेले मखाणे, मी भुकेने नाही तर पैसे दिलेत म्हणून खायचो.

महिना संपल्यावर विचारलं, नाश्त्याला मुगाची धिरडी आणि दुपारचा डबा, एवढंच मिळेल का? "असा प्लॅन नाही सर, सहाचाच आहे." सोमवारपासून धिरड्यांचं पीठ घरीच भिजतंय. दुपारच्या भाकरीची आठवण येते, त्या बाईंनी नुसता डबा सुरू केला तर पहिला नंबर माझा.

आणि हो, पिशवीचे तीनशे रुपये डिपॉझिट अजून आलेलं नाही. पिशवी धुवून दाराशी ठेवली आहे, कुणीतरी घेऊन जा.