'डाडची स्कॉलरशिप करून देतो' म्हणणाऱ्यांनी मला कसं गंडवलं

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात ज्यांनी अभ्यासिकेत वर्षं काढलीत त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय, कारण ही माणसं गिऱ्हाईक शोधायला तिथेच येतात. यूपीएससीचे दोन-तीन अटेम्प्ट झालेले, घरून कधी नोकरीचं तर कधी लग्नाचं विचारायला लागलेले, आणि डोक्यात जीएसचा, म्हणजे जनरल स्टडीजचा, एवढा माल भरलेला की त्याचं करायचं काय हेच कळत नाही, अशा पोराला कोणी म्हणालं की अरे तुझा पॉलिटी गव्हर्नन्सचा अभ्यास वाया कुठे जातोय, पब्लिक पॉलिसीत मास्टर्स कर, जर्मनीत फी नाही आणि वर महिन्याला खर्चाला पैसे मिळतात, तर तो ऐकणारच ना. आणि खरी गोची ही आहे की यातलं बरंचसं खरं आहे.

आधी खरं काय ते सांगतो. डाड (DAAD) ही जर्मनीची स्कॉलरशिप देणारी संस्था, तिचा हेल्मुट श्मिट प्रोग्राम म्हणून आहे, पब्लिक पॉलिसी आणि गुड गव्हर्नन्ससाठी, विकसनशील देशांतल्या मुलांना, आपण त्यात येतो. एर्फुर्टची विली ब्रांट स्कूल, पासाउ, ओस्नाब्रुक, डुइसबुर्ग-एसेन, माग्देबुर्ग अशा ठराविक युनिव्हर्सिटींमधले ठराविक कोर्स त्यात येतात. फी माफ, मी अर्ज केला तेव्हा महिन्याला ९९२ युरो, हेल्थ इन्शुरन्स, आणि कोर्स सुरू व्हायच्या आधी सहा महिने जर्मन भाषेचा क्लास, तोही त्यांच्याच खर्चाने. जास्तीत जास्त दोन कोर्सला अर्ज करता येतो आणि तो डाडकडे नाही, थेट त्या युनिव्हर्सिटीकडे जातो. खिडकी १ जून ते ३१ जुलै. अर्ज करायला एक रुपया लागत नाही. म्हणजे मधे कुणाची गरजच नाही, पण हे कळेपर्यंत माझे दोन लाखाला दोन हजार कमी इतके गेले होते.

त्यांचा सेमिनार अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावरच होता. नाव लिहीत नाही, एक तर मॅटर ग्राहक आयोगात आहे आणि दुसरं म्हणजे बोर्डावरचं नाव मधल्या काळात एकदा बदललंय, उद्या परत बदलेल. बोलणारे सर एकदम आपल्यातले, मराठवाड्याची भाषा, "आपल्या खेड्यातल्या पोरांना हे कुणी सांगतच नाही" वगैरे. पॅकेज असं, रजिस्ट्रेशन १५ हजार, 'स्कॉलरशिप प्रोसेसिंग' ७० हजार, एपीएस सर्टिफिकेटचे ३८ हजार. आता एपीएस म्हणजे आपल्या डिग्र्या खऱ्या आहेत का ते तपासून देतात ते सर्टिफिकेट, भारतातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी लागतं, त्याची फी १८ हजार आहे आणि ती आपणच भरायची असते. वरचे २० हजार कशाचे असं मी विचारलं तर म्हणाले फास्ट ट्रॅक. एपीएसला फास्ट ट्रॅक बिक काही नसतं, रांगेतच जावं लागतं. पावतीवर मात्र नुसतं 'कौन्सेलिंग सर्व्हिसेस', आणि पैसे कंपनीच्या खात्यात नाही, एका बाईंच्या यूपीआयवर. पप्पांनी त्यासाठी पतसंस्थेत आईच्या पाटल्या ठेवल्या, सोयाबीनला त्या साली काय भाव होता ते लातूरकडच्या लोकांना सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे नीट लक्ष द्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या नावाचा नवीन जीमेल काढला, नावापुढे 'जर्मनी' जोडून. पासवर्ड त्यांच्याकडे. कारण काय तर युनिव्हर्सिटीचे मेल फार टेक्निकल असतात, एक डेडलाइन चुकली तर सगळं गेलं, आमची टीम चोवीस तास ट्रॅक करते. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्या एका गोष्टीवर त्यांचा सगळा धंदा उभा आहे, कारण त्या क्षणापासून युनिव्हर्सिटीच्या लेखी मी म्हणजे तो मेलबॉक्स, आणि तो मेलबॉक्स त्यांचा. काय पाठवलं मला दिसत नाही, काय उत्तर आलं ते दिसत नाही, रिजेक्शन आलं तरी कळवायचं की नाही ते तेच ठरवणार.

एकदा काउन्सेलर मॅडमनी विचारलं, कामाचा अनुभव किती. मी गावाकडच्या एका संस्थेत पाणलोटाच्या कामात सात-आठ महिने होतो ते सांगितलं. त्या म्हणाल्या कमी पडेल, पाच हजारात दोन वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर करून देतो, सगळेच करतात. मी नको म्हणलं. त्यांनी काही वाद घातला नाही, ठीक आहे म्हणाल्या आणि विषय संपला असं मला वाटलं.

माझ्या रूममेटचं तर याहून वाईट. त्याची डिग्री २०१६ ची. या स्कॉलरशिपला शेवटची डिग्री सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, सरळ लिहिलेलं आहे, म्हणजे तो पात्रच नव्हता. आणि तो त्यांच्याकडे गेला सप्टेंबरात, अर्जाची मुदत संपून दीड महिना उलटलेला. त्याला सांगितलं 'लेट नॉमिनेशन' कोट्यातून करू. असा कोटा नाही. त्याच्याकडून पण प्रोसेसिंगचे पूर्ण ७० घेतले. यूपीएससीवाल्या पोरांमधे किती जणांच्या डिग्रीला सहा वर्षं होऊन गेलीत ते तुम्हीच मोजा, म्हणजे ही अट सेमिनारमधे का सांगत नाहीत ते कळेल.

डिसेंबरात व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. डाडचा लोगो, निळं लेटरहेड, खाली सही, कॉन्ग्रॅच्युलेशन्स. आमच्या घरी पेढे वाटून झाले, गावातल्या एका पुढाऱ्याने माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं पण काढलं होतं, ते पप्पांनी थांबवलं ते बरं झालं. पत्रात लिहिलेलं की एर्फुर्टला 'मास्टर ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन' साठी तात्पुरती निवड झालीय आणि सीट पक्की करायला १५०० युरो रिफंडेबल डिपॉझिट भरायचं, भारतातल्या 'अधिकृत प्रतिनिधी'कडे. अधिकृत प्रतिनिधी कोण तर हेच. ७५ हजार दिले, बाकीचे आठवड्यात देतो म्हणलं. आणि पाठोपाठ मॅडमचा फोन, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो पण आमच्यामार्फत पाठवा, आमच्याकडे रेट चांगला मिळतो.

इथे मामा मधे पडले म्हणून वाचलो. ते जिल्हा बँकेत आहेत, परदेशाचं त्यांना काही माहीत नाही, पण पैशाचा कागद वाचायची सवय. त्यांनी विचारलं, "हे ब्लॉक्ड अकाउंट कशासाठी असतंय?" मी सांगितलं, तिकडे वर्षभर राहायचा खर्च आपल्याकडे आहे हे दाखवायला, महिन्याला ९९२ प्रमाणे बारा महिन्यांचे. मामा म्हणाले, "अन् स्कॉलरशिप महिन्याला किती?" ९९२. "मग तेच सरकार तेवढेच पैसे देतंय, त्याचंच पत्र हातात आहे, तर हे अकौंट कोणाला दाखवायला? अन् पैसे देणारा माणूस आधी डिपॉझिट मागतो का रे कधी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरंच, डाडची स्कॉलरशिप असेल तर तीच खर्चाचा पुरावा म्हणून चालते, ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही.

त्याच रात्री मी माझ्या स्वतःच्या मेलवरून एर्फुर्टच्या प्रोग्राम ऑफिसला लिहिलं, पासपोर्टची कॉपी जोडली, माझ्या नावाचा अर्ज आहे का आणि हे पत्र तुमचं आहे का विचारलं. तिकडून आलेलं उत्तर चार ओळींचं. अर्ज आहे, पुढच्या फेरीसाठी निवडलेला नाही, तसं कळवलं होतं, हे पत्र आमचं नाही आणि आमच्याकडे त्या नावाचा कोर्सही नाही. तिथला कोर्स मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी आहे, खोटं पत्र करणाऱ्याने तेवढं सुद्धा बघितलं नव्हतं. मी विनंती केली की माझ्या नावाने जे भरलंय ते मला बघायचंय. त्यांनी फाइल पाठवली.

मोटिव्हेशन लेटर उघडलं. पहिलंच वाक्य, मी कृष्णाकाठचा, २०१९ च्या महापुरात आमचं घर पाण्यात गेलं आणि त्या दिवशी मी ठरवलं की डिझास्टर गव्हर्नन्समधे काम करायचं. अरे मी लातूरचा! माझ्या गावात महापूर कसा येईल, आमच्याकडे एप्रिल २०१६ मधे प्यायचं पाणी रेल्वेने आणलं होतं, मिरजेहून. आता मिरज पण कृष्णाकाठचीच की, म्हणजे ज्या नदीचं पाणी टँकरच्या डब्यांतून आमच्यापर्यंत यायचं त्याच नदीच्या पुरात मला बुडवून काढलं यांनी. मी मॅडमना पाच पानं लिहून दिली होती स्वतःची, पाणी येण्याच्या दिवशी शाळा कशी सुटायची, नळाच्या रांगेत कोणाचा नंबर कोण लावायचं, टँकरचं वेळापत्रक ग्रामपंचायतीत कसं ठरायचं आणि त्यात कोणाची वस्ती कायम शेवटी यायची. पॉलिसीचा कोर्स नेमकं हेच शोधत असतो हो, तुम्ही कुठला प्रश्न जवळून बघितलाय आणि त्यात तुम्हाला काय करायचंय. ते सगळं केराच्या टोपलीत आणि सांगली-कोल्हापूरच्या कुठल्यातरी पोराचं पत्र माझ्या नावाने. दुसऱ्या परिच्छेदात जिल्ह्याचं नाव बदलून लातूर केलेलं, म्हणजे तपासणाऱ्याला वाटलं असेल की या मुलाच्या मते कृष्णा लातुरातून वाहते. त्या पोराचं पत्र त्याला तरी लाभलं की नाही देव जाणे, कदाचित त्याच्या नावाने तिसऱ्याचं गेलं असेल.

आणि मागे जोडलेलं दोन वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर. जे मी नको म्हणलं होतं तेच. खाली माझी सही, सीव्हीवरून स्कॅन करून चिकटवलेली.

बरं, हे लोक जर्मनीला कुणालाच पाठवत नाहीत असं नाही, पाठवतात. पद्धत अशी की स्कॉलरशिपचं स्वप्न दाखवून बसवायचं आणि डिसेंबरात "सरकारीमधे नाही झालं, पण एका प्रायव्हेटमधे सीट आहे" असं सांगून महागड्या खाजगी कॉलेजात ढकलायचं, कोर्सच्या नावात कुठेतरी मॅनेजमेंट आणि पॉलिसी असे शब्द असले की झालं. कारण कमिशन तिथून मिळतं, सरकारी युनिव्हर्सिटीत तुम्ही गेलात तर यांना तिकडून काही सुटत नाही. आमच्यातले दोघं तसे गेले, घर तारण ठेवून. खाजगी म्हणजे सगळंच वाईट असंही नाही म्हणत मी, बर्लिनचं हेर्टी स्कूल खाजगीच आहे आणि पॉलिसीत त्याला चांगली किंमत आहे, पण तिथे आपण स्वतः बघून अर्ज करणं वेगळं आणि यांनी नेऊन टाकणं वेगळं. तिकडे सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नसतेच, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो लागतात, तेवढे भरून सुद्धा हे प्रायव्हेटपेक्षा कितीतरी स्वस्त.

पैशाचं काय झालं ते सांगतो. मी आधी १९३० ला फोन केला, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तक्रार घेतली, पण यूपीआयचे पैसे लगेच कळवलं तर अडकायची शक्यता जास्त, माझे तर कधीच पुढे गेलेले. चौकीत साहेब म्हणाले सिव्हिल मॅटर आहे. मग खोटं पत्र आणि स्कॅन केलेली सही समोर ठेवली तेव्हा अर्ज घेतला, एफआयआर अजून नाही. तिसरं, जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली, पाच लाखापर्यंतच्या मॅटरला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत करायची असते. वकील केला नाही, ओळखीतल्या एका ताईने ड्राफ्ट बघून दिला. सगळ्यात कामाला काय आलं तर व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज, त्यात मॅडम स्वतः 'डाडची डिपॉझिट' म्हणतायत. पीडीएफ तर ते म्हणतात आम्ही पाठवलीच नाही.

नोटीस गेल्यावर सरांचा फोन आला, परत तीच गोड भाषा. निम्मे पैसे देतो, गूगलवरचा रिव्ह्यू काढ आणि एका कागदावर सही कर. कागद मागवून घेतला. त्यात लिहिलेलं, 'अर्जासोबतची सर्व कागदपत्रे मी स्वतः दिलेली असून ती खरी आहेत.' निम्मे पैसे त्या वाक्याचे होते. सही केली नाही.

त्याच बॅचमधले जे अजून रिझल्टची वाट बघत बसलेत त्यांनी आज स्वतःच्या मेलवरून युनिव्हर्सिटीला लिहा आणि आपल्या नावाने काय काय भरलंय ते मागवा. पैशाचं नंतर बघू, पण तुमच्या नावावर खोटं लेटर गेलं असेल आणि ते तुम्ही आधी सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी तिथेच स्वतः भरलेला खरा अर्ज पण संशयात जाईल. मी तसं लेखी कळवून ठेवलंय, त्यांनी नोंद घेतली असं उत्तर आलंय, आणि या १ जूनला मी परत भरतोय, पाण्याच्या रेल्वेवालं पत्र घेऊन.