कयाकवर फिशफाइंडर बसवताना : गार्मिन स्ट्रायकर 4, दोन हंगामांनंतर

सिंधुदुर्गातली कर्ली नदी मालवणजवळच्या देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळते. त्याआधीच्या खाडीत, कांदळवनाच्या कडेकडेने, मी गेले दोन हंगाम 12 फुटी कयाकमधून गरीने मासे धरतो आहे. कयाक पॉलिइथिलीनची, वर उघड्यावर बसण्याची आहे. तिला इंजिन नाही, त्यामुळे वीज लागते ती एकाच उपकरणाला, आणि ते म्हणजे गार्मिन कंपनीचा स्ट्रायकर 4 हा फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली, तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र. या कामासाठी तो पुरेसा आणि विश्वासाचा आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र तो कयाकवर कसा बसवला यावर त्याचा उपयोग जितका अवलंबून असतो, तितका तो पडद्याच्या आकारावर किंवा किमतीवर नसतो. म्हणून या परीक्षणातली बरीचशी जागा मी जोडणीला देतो आहे.

स्ट्रायकर 4 चा पडदा तिरका मोजल्यास 3.5 इंचांचा, म्हणजे हल्लीच्या मोबाइलपेक्षा लहान आहे. वजन पाव किलोच्या आसपास असून बांधणी आयपीएक्स7 दर्जाची आहे, म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटे बुडाला तरी आत पाणी जाऊ नये अशी. त्यात जीपीएस आहे, पण नकाशा नाही. आपण खूण केलेल्या जागा आणि आलेली वाट तेवढी कोऱ्या पडद्यावर दिसते. पुष्कळांना ही उणीव वाटेल. मला ती वाटली नाही, कारण मुखाजवळचे वाळूचे पट्टे पावसाळ्यानंतर जागा बदलतात आणि माझ्याच जुन्या खुणा मला दर ऑक्टोबरात नव्याने तपासाव्या लागतात. मोठा, 7 किंवा 9 इंची पडदा घेण्याचा मोह मी टाळला, आणि तो सर्वांनी टाळावा असे मला वाटते: त्याला मोठी बॅटरी लागते, वल्हे मारताना तो आड येतो आणि कयाक उलटली तर सर्वांत आधी तोच मोडतो.

यासोबतचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि परतलेला ध्वनी टिपणारा भाग, 77 आणि 200 किलोहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत ध्वनी सोडतो. हा झोत शंकूसारखा पसरतो. 200 वर सुमारे 15 अंशांचा, तर 77 वर 45 अंशांचा. आमच्या खाडीत नेहमी भेटणाऱ्या 3 मीटर पाण्यात याचा अर्थ असा होतो की पहिल्या झोतात तळाचे जेमतेम 80 सेंटिमीटर रुंद वर्तुळ येते आणि दुसऱ्यात अडीच मीटरांचे. झोतातून जाणारा मासा पडद्यावर कमानीसारखा उमटतो, पण तशा कमानी दिसतील या आशेने उथळ खाडीसाठी कोणी हे यंत्र घेऊ नये, कारण एवढ्या पाण्यात कयाक डोक्यावर येण्याआधीच मासा बाजूला सरलेला असतो. येथे पाहायचा तो तळ. चिखलाचा तळ फिकट पट्ट्यासारखा दिसतो. खडप, म्हणजे खडकाळ तळ, लागले की तीच रेघ ठळक होते आणि बरोबर दुप्पट खोलीवर तिची दुसरी प्रतिमा उमटते, कारण कठीण तळावरून परतलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा एकदा खाली जाऊन येतो. तांबोशी आणि जिताडा, ज्याला आमच्याकडे चोणक म्हणतात, हे मासे अशा खडपाच्या आणि अचानक खोल होणाऱ्या जागांच्या आसऱ्याला असतात, आणि त्या जागा मला या यंत्रामुळे सापडल्या. एक गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते: आमच्याकडचे वयस्क मच्छीमार खोली अजूनही वावांत सांगतात, आणि या यंत्रावर फॅदम हे एकक निवडले की आकडा जवळपास त्यांच्याच मापात येतो, कारण दोन्ही मापे सुमारे 6 फुटांची आहेत. मी आता तेच एकक ठेवले आहे.

सर्वांत अधिक विचार करायला लावणारा भाग ट्रान्सड्यूसरचा. पहिल्या हंगामात मी तो कयाकच्या बाजूला दांडी लावून पाण्यात सोडला होता. वाचन उत्तम मिळत असे, पण कांदळाच्या मुळांत आणि कालवे चिकटलेल्या दगडांवर ती दांडी सतत अडकत असे आणि किनाऱ्याला लागताना ती वर घ्यायचे विसरले की ट्रान्सड्यूसर वाळूत घासत असे. म्हणून दुसऱ्या हंगामात तो कयाकच्या आत, तळाला चिकटवून बसवला. पॉलिइथिलीनमधून ध्वनी बऱ्यापैकी पार होतो. हवेतून मात्र तो जवळजवळ जात नाही, त्यामुळे ट्रान्सड्यूसर आणि तळ यांच्यामध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी चित्र बिघडते. एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी आधी सिलिकॉन वापरले होते. पॉलिइथिलीनवर ते धरत नाही, हे मला महिन्याभराने ट्रान्सड्यूसर सुटून आत लोळू लागल्यावर समजले. एपॉक्सीचीही या प्लॅस्टिकवर तीच गत होते.

शेवटी इलेक्ट्रिशियन लोक पाइपांची तोंडे बुजवायला वापरतात ती न सुकणारी पुट्टी कामी आली. तिचा जाड गोळा मळून तळावर दाबला, ट्रान्सड्यूसर त्यात हळूहळू फिरवत खाली नेला, म्हणजे हवा कडेने निघून गेली, आणि गरज पडली तर तो उपटून पुन्हा बसवताही येतो. जागा पक्की करण्यापूर्वी पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ट्रान्सड्यूसर ठेवून ती पिशवी कयाकच्या तळावर दोन-तीन ठिकाणी टेकवून पाहावी आणि जेथे खोलीचा आकडा वजन बांधलेल्या दोरीच्या मापाशी जुळतो तीच जागा निवडावी. माझ्या कयाकमध्ये ती बैठकीच्या किंचित मागे, तळ सपाट असलेल्या भागात निघाली. या पद्धतीत थोडी संवेदनशीलता कमी होते आणि तापमानाचा आकडा पाण्याचा न राहता प्लॅस्टिकचा होतो. 10 मीटरांच्या आतील पाण्यात मला पहिल्या गोष्टीने काही फरक पडला नाही. साइड किंवा डाउन स्कॅनिंगचे, म्हणजे बाजूचे किंवा खालचे बारीक चित्र काढणारे, यंत्र घेणाऱ्यांनी मात्र ट्रान्सड्यूसर पाण्यातच ठेवावा. त्याची वायर लांब वाटली तरी कापू नये, गुंडाळून आत बांधावी.

हे यंत्र 12 व्होल्टवर साधारण पाव अँपिअर वीज घेते, म्हणजे 8 तासांच्या फेरीला 2 अँपिअर-तास पुरतात. शिसे-आम्लाची 7 अँपिअर-तासांची बॅटरी स्वस्त असते, पण ती 2 किलोंहून जड असते आणि तिची अर्धीच क्षमता वापरणे हिताचे असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची 6 अँपिअर-तासांची बॅटरी किलोच्या आत बसते आणि दोन फेऱ्या सहज काढते. तिचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखेच राहते, त्यामुळे पडद्यावरच्या व्होल्टेजवरून शिल्लक वीज कळत नाही. मी फेऱ्यांची नोंद ठेवतो. तिला तिचाच 14.6 व्होल्टचा चार्जर लावावा. पहिली बॅटरी मी तयार जोडणीसह घेतली होती, आणि तिचा कनेक्टर खाऱ्या हवेने दोन महिन्यांत हिरवा पडून यंत्र मध्येच बंद होऊ लागले. आता कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी आणि कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस एवढे केले आहे, तसेच बॅटरीच्या धन टोकाला लागूनच 3 अँपिअरचा फ्यूज ठेवला आहे. बॅटरीचा डबा मध्यभागी, तळाशी घट्ट बांधलेला असतो.

पडदा रॅम कंपनीच्या 1 इंची गोळ्याच्या स्टँडवर, पोटऱ्यांच्या रेषेत बसवला आहे, म्हणजे वल्हे त्याला लागत नाही. रॉड होल्डर पाठीमागे दोनच ठेवले. छिद्रे पाडायचीच असतील तर ती पाणरेषेच्या वर पाडावीत, त्यांना ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावावी आणि स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

माझ्या लेखी या यंत्राचा सर्वांत मोलाचा आकडा मात्र खोलीचा नाही, वेगाचा आहे. वल्हे थांबवून कयाक मोकळी सोडली की जीपीएसवर दिसते ती ओहोटीची ओढ, आणि त्यात वाऱ्याचा वाटा. उधाणाच्या दिवसांत देवबागच्या मुखाकडे हा आकडा बघता बघता वाढतो, आणि मी भरल्या कयाकमधून तासाला 5 किलोमीटरांहून अधिक वेग फार काळ टिकवू शकत नाही. म्हणून मी दर अर्ध्या तासाने वल्हे आडवे ठेवून पडद्याकडे पाहतो. आकडा 3 वर गेला की गरीला मासा लागत असला तरी दोर गुंडाळून काठाच्या आडोशाने माघारी निघतो.